‘पांढरी’ला दहापैकी सहा

राजापेठ, अमरावती
१४ जानेवारी २०२५

प्रिय पायल,

संक्रांतीचा तिळगूळ भेटल्यावर देईन, आधी बातमी. ‘पांढरी’ आज सकाळी बाजारात आली. पुण्याची नोकरी सोडून इथे परतले तेव्हापासून जे काही केलं ते हे एवढंच, आणि सकाळपासून मला एका जागी बसवत नाहीये. तीनदा खाली जाऊन चहा पिऊन आले. फोन करत नाही, कारण फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आणि शेवटी मीच हरते. शिवाय खालच्या क्लासमधली पोरं एका सुरात रसायनशास्त्र म्हणताहेत, त्यात तुझं काही ऐकू यायचं नाही.

दुकानाच्या पानावर आम्ही लिहिलंय: ‘काळ्या रानात पीक घ्या, पांढऱ्या मातीवर गाव वसवा, पाण्यासाठी आणि बाजारासाठी शेजारच्या गावांशी डाव टाका.’ अनुप म्हणतो, ही बियाण्याच्या पिशवीवरची जाहिरात वाटते. आमच्या चौघांत कोड लिहिणारा तोच, म्हणून त्याचं मत मी नीट ऐकून घेते आणि मग आपलंच करते.

आता खरी धडधड. समीक्षक खेळ खेळून गुण देतात आणि ती एक वेबसाइट सगळ्यांची सरासरी काढून खेळाच्या कपाळावर चिकटवते. आमच्या बेंगळुरूच्या प्रकाशकानं करारातच घातलंय: दोन महिन्यांत सरासरी शंभरापैकी ऐंशी झाली तर खेळाचा दुसरा भाग काढायचा आणि आम्ही चौघं राजापेठेतल्या या खोलीत कायम. खाली गेली तर रामराम. म्हणजे मी पुन्हा पुण्यात, दुसऱ्या कुणाच्या तरी खेळातल्या तलवारींना चकाकी देत बसायला. मला ते नको आहे गं. मला हेच करायचं आहे आणि इथेच करायचं आहे.

तू त्या पुण्याच्या वेबसाइटसाठी परीक्षणं लिहितेस, तुमचे गुण सरासरीत धरतात. आमचा खेळ तूच घे. ढेकूळ म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्यानं ‘पांढरी’ला काय गुण द्यायचे?

आणि हो, नांदगाव खंडेश्वरकडचं आमचं गाव समोर ठेवून मी पहिला नकाशा काढला, त्यात तुझ्यासाठी एक गंमत ठेवली आहे. सांगणार नाही. शोध.

तुझी,
साधना

अकोला
१६ जानेवारी

साधे,

अभिनंदन. मनापासून. आता नकार ऐक.

मैत्रिणीच्या खेळाला गुण द्यायचे नसतात. पॉलिटेक्निकमध्ये पेपर तपासताना ओळखीच्या मुलाची उत्तरपत्रिका आली तर मी ती दुसऱ्या मॅडमकडे सरकवते. चांगले गुण दिले तर लोक म्हणणार वशिला. कमी दिले तर तू मला जिवंत सोडणार नाहीस. मला दोन्ही नको. खेळ मी विकत घेऊन खेळेन, गंमत शोधेन, घरी येऊन तोंडावर शिव्याही देईन. पण गुण नाही.

आजी विचारत होती, “ते नांदगावची पोट्टी काय करून राहिली आता?” मी सांगितलं, खेळ बनवते. “लगन झालं का तिचं?” नाही म्हटलं. “मंग खेळू दे.”

पायल

अमरावती
२२ जानेवारी

पायलबाई,

सहा परीक्षणं आली. लंडनच्या बाईनं नव्वद दिले आणि लिहिलं की इतकं अस्सल खेडं तिनं कुठल्या खेळात पाहिलं नव्हतं. ती आयुष्यात कुठल्या खेड्यात गेली होती हे मात्र लिहिलं नाही. बर्लिनवाल्यानं पंच्याऐंशी दिले. आणि एका शहाण्यानं सत्तर देऊन म्हटलंय: ‘पाऊस पडला की शेतातल्या बैलगाड्या थांबतात, चार-चार दिवस हलत नाहीत. खेळात मोठा बिघाड आहे.’

बिघाड! काळ्या रानात ओल असताना गाडी घातली तर ती आसापर्यंत रुतते, हे शेंबडं पोर सांगेल. अनुपला विचारलं, आपण हे खेळाडूला कुठेच सांगितलं नाही का? तो म्हणाला, “सांगाचं काय त्याच्यात? सगळ्यायले माहीत राह्यते.” खरं आहे. मलाही वाटलं नव्हतं की सांगावं लागेल. आता एक सूचना टाकतोय, पण त्याचे सत्तर काही बदलायचे नाहीत. सरासरी ऐंशीवर टेकली आहे. दर तासाला ते पान उघडून बघते. अनुपनं माझ्या कॉम्प्युटरवर ते पान बंद करून ठेवलं, तर मी फोनवर उघडते.

म्हणून आता ओरडू नकोस. मी तुझ्या संपादकांना परस्पर मेल टाकला. लिहिलं की हा खेळ समजेल असा तुमच्याकडे एकच माणूस आहे आणि ती अकोल्यात राहते. ते लगेच हो म्हणाले.

साधना

अकोला
२४ जानेवारी

साधे,

तुझं हे नेहमीचं. आधी करायचं, मग सांगायचं, आणि वर ‘ओरडू नकोस’.

संपादकांचा फोन आला. मी त्यांना सांगितलं की आम्ही कॉलेजपासूनच्या मैत्रिणी आहोत, परीक्षेच्या दिवसांत ती आमच्याकडे राहायला असायची. ते म्हणाले, मग पहिल्याच ओळीत तसं लिहा आणि मोकळेपणानं गुण द्या. दोन दिवस विचार केला. घेते. पण अट ऐक. परीक्षण येईपर्यंत फोन करायचा नाही, ‘कुठपर्यंत पोचलीस’ विचारायचं नाही, आणि मी जे देईन ते गपचूप घ्यायचं.

हे तुला जमणार नाही हे मला माहीत आहे. तरी लिहून ठेवते.

पायल

अमरावती
२ फेब्रुवारी

पायल,

अट मोडत नाहीये, फोन कुठे केला? हा मेल आहे.

दहा परीक्षणं झाली. सरासरी एक्क्याऐंशी! आता फक्त तुझं यायचंय. बेंगळुरूचे साहेब म्हणाले, तुमच्या मैत्रिणीचं आलं की आपण दुसऱ्या भागाचं बोलू. मी त्यांना म्हटलं, मग बोलायला लागा.

गंमत सापडली का, एवढं तरी सांग. फक्त हो की नाही.

साधना

अमरावती
६ फेब्रुवारी

काही बोलत नाहीस म्हणजे अगदी रंगून खेळते आहेस. चालू दे. पण बोल ना गं.

सा.

अमरावती
९ फेब्रुवारी

पायल,

सहा. दहापैकी सहा.

आकडा आधी वाचला. मग खुर्चीवरून उठले, खोलीत चार फेऱ्या मारल्या, परत बसले, अजून सहाच होते. सरासरी एकोणऐंशी झाली आहे. दहा परक्या माणसांनी मला वर नेलं आणि घरभेदीनं खाली ओढलं.

आणि कशासाठी? ‘नाल्यापलीकडच्या घरांना या गावात काम आहे, पण स्थान नाही.’ एवढ्या मोठ्या खेळात तुला हेच दिसलं? कापसाचे भाव कसे हलतात ते दिसलं नाही? शेजारचं गाव पाणी अडवतं तेव्हा किती वेगवेगळे डाव टाकता येतात, ते नाही? मी रणनीतीचा खेळ बनवलाय बाई, निबंध नाही लिहिलेला. अनुप सकाळपासून माझ्याशी बोलत नाही, कारण तुझं नाव मी सुचवलं होतं. बाकीचे दोघं पुण्याला फोन करताहेत, मला ऐकू जाऊ नये म्हणून जिन्यात उभं राहून.

तुला ठाऊक होतं एका गुणावर काय अवलंबून आहे ते. तरी दिलेस. घरभेदी म्हणतात याला.

साधना

अकोला
१० फेब्रुवारी

साधे,

‘घरभेदी’ दोनदा लिहिलं आहेस. एकदा पुरे होतं.

मी इतके दिवस गप्प होते, कारण गंमत मला पहिल्याच दिवशी सापडली.

नाल्याच्या पलीकडे, उतारावर, घरांचा एक पुंजका आहे. त्यातल्या एका दारात म्हातारी उभी आहे. तीच जाड काड्यांचा चष्मा, तोच गालावरचा तीळ. नाव सुंदराबाई. मी अक्षरशः ओरडले. “आजी, ये, पाह्य, तू कॉम्प्युटरात!” आजी पदराला हात पुसत आली आणि खुर्ची ओढून बसली. इतकी हसली! “मायबाई, चष्मा बी काढला पोट्टीनं माहा.” मग म्हणाली, “आता मले चालवून दाखव.”

मी चालवलं. तुझ्या खेळात माणसावर बोट ठेवलं की त्याची कामं दिसतात. अलीकडच्या घरांतल्या माणसांना पेरणी, हिशोब, बाजार, शाळा, पंचायत, बरंच काही. सुंदराबाईला निंदण, वेचणी आणि मोळी. मी मोळी निवडली नव्हती, ती आपोआपच निघाली. आजी बघत राहिली. मग म्हणाली, “मी मोळी काहून वाहून राहिली?”

मी म्हटलं, थांब, हिला पारावर नेऊ, तिथे सभा होते, सभेत काम बदलून मिळतं. पण सुंदराबाई पारावर जाईना. तुझा नियम असा की पारावरून मारलेली हाक ज्या घरापर्यंत पोचते तेच घर सभेला येतं. घर हलवायला गेले तर ‘मूळ वस्ती हलवता येत नाही’. पार हलवायला गेले तर ‘पार हलवता येत नाही’. मी नाल्यावर पूल बांधला. रस्ता केला. शेजारची गावं एकेक करून मागे टाकली. शेवटी माझं गाव पहिलं आलं, फटाके वाजले, सगळं गाव पारावर नाचायला लागलं आणि सुंदराबाई डोक्यावर मोळी घेऊन नाल्यापलीकडे उभी.

आणि दवंडीचं बघ. दवंडी देणारा माणूस त्याच वस्तीतला ठेवला आहेस तू. डफडं वाजवत तो अख्ख्या गावाला सभेला बोलावतो. मग घरी जातो, आणि तुझं गणित म्हणतं, याला हाक ऐकू गेली नाही.

माझी आजी पातूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. तुला हे माहीत आहे. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत तू आमच्याकडे तापानं फणफणली होतीस तेव्हा रात्रभर तुझ्या कपाळावर पट्ट्या तिनंच ठेवल्या. पातुरातल्या निम्म्या लोकांची नाळ तिच्या हातानं कापली गेली आहे. तुला तिचा चष्मा आठवला, तीळ आठवला, नोकरी नाही आठवली. घर कुठे ठेवायचं ते मात्र कुणी न सांगता बरोबर आठवलं.

मला राग आला. आधी स्वतःचाच आला, मोठ्या हौसेनं आजीला हाक मारून बोलावलं म्हणून. नंतर तुझा आला, तो अजून आहे.

सहा गुण तुझ्या मातीचे, पाण्याचे आणि बाजाराच्या दिवसाचे. ते खरंच फार सुरेख आहे आणि मी तसं लिहिलं आहे. चार का कापले तेही लिहिलं आहे. आजीबद्दल तिथे एक अक्षर नाही. ते तुझ्या-माझ्यातलं आहे.

पायल

अमरावती
११ फेब्रुवारी

पायल,

मी गाव बनवलं नाही, उतरवलं. बाबांना विचारून विचारून नकाशा काढला, जिथे जे आहे तिथे ते ठेवलं. हाकेचं अंतर हे गणित आहे, मीटरमध्ये मोजलेलं. अख्ख्या खेळात ‘जात’ हा शब्द एकदा दाखव, मी खेळ मागे घेते. दहा समीक्षकांपैकी एकालाही हे दिसलं नाही. तुलाच का दिसलं?

आजीचा चेहरा मी प्रेमानं काढला होता. चार दिवस तिचा एक फोटो समोर ठेवून काढत होते. त्याचे तू गुण कापलेस.

बेंगळुरूचे साहेब म्हणाले, खेळात थोडा बदल केला की समीक्षकाला गुण बदलता येतात, मैत्रीण आहे ना, सात करायला सांगा, सातानेही ऐंशी होतात. मी त्यांना सांगितलं की मी सांगणार नाही. तुला फक्त कळवते आहे.

साधना

अकोला
१२ फेब्रुवारी

साधना,

‘तुलाच का दिसलं’ याचं उत्तर मी देणार नाही. ते तू शोध. तोपर्यंत मला लिहू नकोस.

पायल

अमरावती
२० फेब्रुवारी

पायल,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहिते आहे. उत्तर देऊ नकोस हवं तर.

रविवारी गावी गेले होते. लॅपटॉप सोबत नेला. मनातून मला बाबांकडून ऐकायचं होतं की माझं काही चुकलेलं नाही. तुला माहीत आहे, माझ्या कामाकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नाही. कुणी विचारलं की ‘पोट्टी कॉम्प्युटरात हाय’ एवढंच सांगतात. ते अंगणात खाटेवर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होते. मी शेजारी बसून खेळ उघडला.

त्यांनी आधी नुसतं पाहिलं. मग घाटे बाजूला ठेवले. “बाप्पा! हे तं आपलंच गाव हाय वं! हा पार. हे खुशालरावचं घर. हे आपली विहीर, थे बी वाकळ्या काठाची!” लहान पोरासारखे एकेक घर बोटानं दाखवत होते. मला इतकं बरं वाटत होतं. मग बोट नाल्यावरून पलीकडे गेलं. “अन् हे तिकळचे बी बरोबर तिकळेच ठेवले. शाबास! एक बी चूक नाई पोरी.”

मी विचारलं, “दहापैकी किती, बाबा?”

“दहा. पुरे दहा.”

आयुष्यभर मी या माणसाकडून एका शाबासकीची वाट पाहिली आणि मिळाली ती ही. मी विचारलं, ते लोक पारावर येतात का? म्हणाले, “पंचायतीत येतेत नं, मेंबर हाय त्यायचा. पारावर कायले येतीन?” मी म्हटलं, कुणी कधी विचारलं का त्यांना? बाबा मुळीच चिडले नाहीत. परत घाटे सोलायला घेतले. “हे काय विचाराची गोष्ट हाय?”

तू लिहिलंस तेव्हा मला वाटलं, तू माझ्यावर काहीतरी लादते आहेस. बाबांनी ते कौतुकानं सांगितलं आणि मला त्याच क्षणी दिसलं. मला लाज वाटली पायल. नुसतं वाईट वाटलं असं नाही, लाज वाटली.

आणि एक गोष्ट आहे जी मला लिहायची नव्हती. अलीकडच्या घरांत मी गावातली नावं घातली आहेत: किसनराव, गोदाबाई, मोतीराम. नाल्यापलीकडे आले तेव्हा घालायला नाव नव्हतं. त्या गावात लहानाची मोठी झाले, आणि त्या घरांतल्या एका माणसाचं नाव मला येत नव्हतं. त्या लोकांपैकी एकच म्हातारं नाव माझ्या ओळखीचं होतं, तुझ्या आजीचं. तेवढ्यासाठी ते तिथे गेलं. नंतर मी त्याला गंमत म्हणू लागले.

साधना

अकोला
२३ फेब्रुवारी

साधे,

वाचलं. दोनदा वाचलं.

तुला बरं वाटेल असं काही लिहिता येत नाहीये, म्हणून लिहीत नाही. मलाही कुठे बरं आहे? माझ्या परीक्षणाखाली लोकांनी शिव्यांची रांगोळी काढून ठेवली आहे. एक म्हणतो, मैत्रिणीचा खेळ पाडून मोठी झाली. दुसरा काय म्हणतो ते तुला सांगणार नाही. तुमचा अनुप तिथे एकेकाशी भांडतो आहे, त्याला आवर. वर्गात फळ्यावर अर्धं वाक्य लिहून मी थांबते आणि पोरं एकमेकांकडे बघतात.

आजीला तुझा मेल वाचून दाखवला, सगळा. नावाचं ऐकून म्हणाली, “पोट्टी खोटं नाई बोलली.”

पायल

अमरावती
९ मार्च

पायल,

बदललं. मी आणि अनुप, दोघांनीच. बाकीच्यांनी हात वर केले आहेत.

आता कुठलंच घर कुठेच खिळलेलं नाही. पार हलतो. हाकेचा नियम काढून टाकला, ज्याला सभेला यायचं तो येतो. प्रत्येक माणसाला प्रत्येक काम. अनुप म्हणाला, यानं सगळ्या डावांचं गणित बिघडेल. बिघडलं, परत बसवलं. बसवताना मला कळलं की आधीचं गणित इतकं सुरळीत का चालत होतं. पलीकडचे लोक काही मागायचेच नाहीत ना.

मुदत पंधरा तारखेपर्यंत आहे. नवीन खेळ तुला पाठवते. मी गुण मागत नाहीये.

खोटं कशाला बोलू? मागते आहे. रात्रंदिवस डोक्यात तेच आहे. पण तुला जे वाटेल तेच दे.

साधना

अकोला
१२ मार्च

साधे,

नवी ‘पांढरी’ खेळले. शाळेत जाणारी पोरं नाल्याच्या दोन्ही बाजूंनी येतात. दवंडीवाला दवंडी देतो आणि स्वतःही सभेला येऊन बसतो. सुंदराबाईला पारावर नेलं, ती मधोमध जाऊन बसली. मला आनंद झाला, खोटं नाही. नवं परीक्षण लिहून काढलं. आठ गुण दिले. तुझं गाव वाचलं म्हणून मीच इथे खोलीभर फिरत होते.

पाठवणार तेवढ्यात आजी आली. म्हणाली, “मले पाहू दे.” पाहिलं. मग माझ्या हातातून माउस घेतला आणि सुंदराबाईला पारावरून उठवलं.

“अथी बसून काय करू मी? दवाखाना कुठी हाय?”

मी शोधला. पार आहे, देऊळ आहे, शाळा, जिनिंग, बाजार, चहाचं दुकान आहे. तुझ्या गावात दवाखाना नाही, साधे. दर हंगामाला लोकसंख्या वाढते, वर आकडा पुढे सरकतो. आजीनं त्या आकड्यावर बोट ठेवलं. “मंग हे पोट्टे कोनाच्या हातानं होऊन राहिले?”

मी म्हटलं, आजी, तेवढं सोड, आता तू पारावर बसू शकतेस हे बघ ना. त्यावर ती जे बोलली ते तसंच लिहिते. “पारावर बसाले भेटलं म्हणून तू आठ देऊन राहिली काय? म्या कवा म्हनलं मले पारावर बसाचं हाय?”

तू चूक केलीस आणि ती दुरुस्त करताना तुला सुचलं ते एवढंच, की तिला आपल्यात बसवून घ्यावं. मलाही तेवढंच पुरेसं वाटलं, माझ्याच आजीच्या बाबतीत. मी आठ पुसले. सहाच राहतील.

तुझं काय जातंय ते मला पुरतं कळतंय. ‘माफ कर’ लिहिणार होते, पण ते खरं झालं नसतं. वाईट वाटतंय, फार वाईट वाटतंय, हे खरं आहे.

पायल

राजापेठ, अमरावती
२९ मार्च

आदरणीय सुंदराआजींना साधनाचा सविनय जय भीम.

हा मेल पायल तुम्हाला वाचून दाखवेल. तिच्याशी मी पंधरा दिवस बोलले नाही, तेव्हा हीच माझी तिला खुशाली.

सरासरी एकोणऐंशीवरच राहिली. बेंगळुरूच्या साहेबांनी छान इंग्रजीत दोन ओळींचा मेल पाठवला आणि विषय संपवला. आमचे दोघं पुण्याला गेले. मलाही तिथून बोलावणं आलं होतं, परवा नाही म्हणून कळवलं. अनुप सकाळी खालच्या क्लासमध्ये गणित शिकवतो आणि दुपारी वर येतो. मी एका कंपनीचं काम घरून करते आणि उरलेल्या वेळात ‘पांढरी’. दुसरा भाग नाही. आहे तोच खेळ, आम्ही दोघं, जमेल तसं.

आजी, पहिला अख्खा दिवस मला तुमचाही राग आला होता. म्हटलं, म्हातारीला दवाखाना कशाला हवा होता? एक दिवस थांबली असती तर? दुसऱ्या दिवशी दवाखाना काढायला बसले. दारं, खिडक्या, खाटा, सगळं काढलं आणि अडकले. कुठे बांधायचा? सवयीनं हात पाराजवळ गेला. मी तो मागे घेतला. आता मी काही ठरवत नाही, तुम्ही सांगा.

आणि जे आधी विचारायला हवं होतं ते आता विचारते. तुमचं नाव आणि चेहरा मी न विचारता घेतला. ठेवू की काढू? काढ म्हणालात तर आजच काढते.

तुमची,
साधना

अकोला
२ एप्रिल

साधे,

आजी सांगते आहे आणि मी लिहिते आहे. माझं मधे काही नाही. मी नंतर फोन करते, आणि या वेळी तू आधी बोल.

‘साधना पोरी, नाव काढून टाक. सुंदराबाई मले घरचे म्हनते. पातुरात मले सगळे सिस्टर म्हनत, लहान म्हना का मोठे म्हना. थेच लिव. चष्मा राहू दे. मोळी काढून घे अन् पातळ पांढरं दे, किनार निळी.

घर हलवू नोको. मले तिथून कुठी जायाचं नाई. दवाखाना माह्या घराच्या बाजूले बांध, नाल्याच्या इकळे. पूल पायलनं बांधला होता म्हनते, थो राहू दे, लोकायले लागन.

मंग त्या दवंडीवाल्याले सांग, मंगळवारी डोस हाय. पाराजवळच्या समद्या बायाईले म्हना, पोट्टे घेऊन इकळे या अन् रांगीत उभ्या राहा. रांग मोडून समोर येनाऱ्याले म्या कवाच डोस देल्ला नाई, कोनी बी असो.’